गोळी घरची होती

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला सकाळी, आमच्या गावानं एका माणसाचं वाटोळं केलं. त्या माणसाला आमच्या भागात सगळे मामा म्हणतात. नाव मी लिहीत नाही. ते पोलिसांच्या कागदावर आधीच नको त्या शब्दाच्या शेजारी बसलेलं आहे, पुन्हा छापायची गरज नाही. ज्यांनी वाटोळं केलं त्यांना आपण फार चांगलं काम केलं असं वाटत होतं. मला जास्त झोंबतं ते हे.

मामांना तुम्ही पाहिलं असेल. रोहणा गावाच्या आजूबाजूला ज्याच्या शेतात रानडुकरांचा कळप शिरतो, त्या प्रत्येकानं पाहिलं आहे. बार झाला की बाकीचे लोक डुकराकडे धावायचे आणि मामा जमिनीकडे वाकायचे. त्यांची रायफल रिकामी पुंगळी उजव्या हाताला लांब फेकायची. ती पितळी पुंगळी सापडेपर्यंत मामांना डुकराशी काही देणंघेणं नसे. तुरीच्या ओळीत गुडघे टेकून ते हात फिरवत राहायचे. कोणीतरी ओरडे, "मामा, डुक्कर इकळे पडलं." मामा मान वर न करता म्हणत, "ते मेलं हाय, आता कुठी जाते? हे पितळ पळते."

ती रायफल साधी नव्हती. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढते, अशा जातीची, अर्ध-स्वयंचलित. मामा तरुणपणी ज्या साहेबांची गाडी चालवायचे, त्या साहेबांनी म्हातारपणी इथून जाताना रीतसर परवाना करून ती मामांना दिली. दिली तेव्हा काडतुसं मिळत होती. मग त्या मापाची काडतुसं नागपूरच्या दुकानात यायची बंद झाली. दुकानदार म्हणाला, जमा करून टाका. मामांनी जमा केली नाही. ते घरी शिसं ओतून त्याच रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायला लागले.

इथे तुम्ही कान टवकारले असतील. होय, गुन्हा आहे. परवाना रायफलचा होता, गोळ्या बनवायचा नव्हता. मी हे झाकणार नाही, कारण मामांनीही झाकलेलं नाही. जे त्यांनी केलं त्याबद्दल मी भांडत नाही. जे त्यांनी केलं नाही, त्याबद्दल भांडतो आहे.

आर्वीच्या एका टायरवाल्याकडून ते चाकांना लावतात ती शिशाची जुनी वजनं आणायचे. घरामागे बोराटीच्या कुंपणाला लागून दगडांची चूल होती आणि तिच्यावर एक काळी कढई. ती कढई घरात कधी आली नाही. मामींचा तसा हुकूम होता. शिसं ओतून झालं की मामा राखेनं हात घासत, धूत आणि दोन्ही पंजे दाराकडे उचलून धरत. मामी आतून पाहून म्हणत, "हाव, या आता." मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मी मामांना ओळखू लागलो तेव्हा त्या नव्हत्याच. पण मामा हात धुऊन पंजे दाराकडे धरायचे, थोडं थांबायचे, मग आत जायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत कोणीतरी आहे. मी आत डोकावून नमस्कारही केला. मामांनी चहा टाकला.

साच्यातून निघालेल्या गोळ्या ते पोत्यावर ओळीनं ठेवत आणि थंड झाल्यावर एकेक उचलून उजेडात फिरवत. एखादीवर सुरकुती दिसली की म्हणत, "हे म्हातारं निघालं." आणि ती पुन्हा कढईत. एकदा मी म्हटलं, इतकी बारीक सुरकुती कोणाला कळते? मामा म्हणाले, "गोळीले कळते. वाकडी जाते." मग स्वतःच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाले, "मले कोणी कढईत टाकते काय पुन्हा, पायजो बरं." पुढचं काडतुसं भरण्याचं काम ते दार लावून करत. ते मी पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असतं तरी इथे लिहिलं नसतं.

रायफलला ते जावई म्हणायचे. "दुकानचं आणून वाढलं तर खाते मुकाट्यानं. घरचं वाढलं का रुसते." ते खरंच होतं. कारखान्याच्या काडतुसाचा जोर वेगळा. त्या जोरावरच पुढचं काडतूस आपोआप वर चढतं. मामांची ओतीव गोळी मऊ, मागचा जोर बेताचा, नळीत शिशाचा थर बसायचा. पहिली गोळी सुटायची आणि दुसरं काडतूस अर्ध्या वाटेत अडकायचं. मग बाजूची दांडी हातानं ओढा, अडकलेलं काढा, पुन्हा बसवा. आपोआप चालायची रायफल मामा हातानंच चालवत होते. म्हणून त्यांना पहिलीच गोळी लागू पडायला हवी असायची, आणि बहुतेक वेळा पडायची.

माझी त्यांची ओळख कामातून. मी पत्रकं लिहितो. रानडुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळावी, पंचनाम्याला माणूस यावा, परवानगीचे कागद महिनोन्‌महिने पडून राहू नयेत, यासाठी गावोगाव फिरतो. मामांना माझी गंमत वाटायची. मी सायकल टेकवली की सुरू, "काऊन बे पत्रकवाल्या, आज कोणाले शिव्या?" मी पत्रक वाचून दाखवायचो, ते शेवटपर्यंत ऐकून म्हणायचे, "चांगलं हाय. डुकराले वाचता येत असतं तर लय भेलं असतं."

आता त्यांच्या एका रीतीबद्दल सांगतो. सगळं तिच्यावरच येऊन थांबतं.

वनखात्याची परवानगी शेतकऱ्याच्या नावानं निघते आणि परवानावाला बंदूकधारी येऊन डुक्कर मारतो. एवढं कागदावर. मामांचं त्यापुढे एक होतं. ज्याचं शेत तो शेजारी उभा पाहिजे. दिवस बुडायला आला, कळप धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आला, मामांनी रायफल खांद्याला लावली, तरी ते हळूच विचारणार, "मारू?" आणि शेतवाल्यानं तोंडानं म्हणायचं, "मारा." मान हलवलेली चालायची नाही. कोणी गप्प राहिला तर मामा रायफल खाली घ्यायचे आणि कळप पीक तुडवत निघून जायचा. लोक चिडायचे. मी स्वतः एकदा विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "पीक तुमचं वाचते, जीव डुकराचा जाते. निदान तोंड तरी उघडा लेकहो. मी काय, दुरून आलेला माणूस." शेजारच्या गावातून आले तरी ते स्वतःला दुरून आलेला माणूसच म्हणायचे.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्या काकांच्या हरभऱ्यात आले. काका म्हणजे माझे सख्खे काका, मी त्यांच्याच घरात राहतो. परवानगी काकांच्या नावाची होती, मुदतीतली होती. मी त्या दिवशी वर्ध्याला छापखान्यात होतो. रात्री तिथेच थांबलो. पुढचं सगळं मला काकांनी सांगितलं, आणि गावातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं सांगितलं, आणि कोणाच्याही सांगण्यात फरक नव्हता.

कळप आला. मामांनी विचारलं. काकांनी "मारा" म्हटलं. गोळी लागली, पण मागच्या फऱ्यात. डुक्कर फिरलं, आणि जावई रुसला. मामा दांडी ओढेपर्यंत जनावर नाल्याच्या काटेरी झुडपांत शिरलं. अंधार पडेपर्यंत दोघं शोधत राहिले. शेवटी काका म्हणाले, "राहू द्या मामा, मरते ते." मामा म्हणाले, "मरते म्हणून सोडता येत नाई. सकाळी येतो." आणि गेले.

सकाळी मामा यायच्या आधी वनरक्षकाला कालव्याच्या काठी डुक्कर मेलेलं दिसलं. त्यानं जखम उकलून आतला शिशाचा गोळा काढला. गावात आला, देवळासमोर लोक जमले, आणि तळहातावर तो राखाडी, चेपलेला गोळा धरून त्यानं विचारलं, हे कोणाचं? काकांना म्हणाला, "तुमच्या नावानं परवानगी आहे ना? कोणाला बोलावलं होतं?"

तो गोळा सगळ्यांनी ओळखला. कारखान्याची गोळी तांब्याचं कवच घालून येते. ही उघडीनागडी होती. घरात ओतलेली. आता पाहा आमच्या गावाचं डोकं कसं चाललं. मामांचं नाव घेतलं तर ही गोळी मामांना आत घालेल. म्हणून नाव घ्यायचं नाही. कोणी ठरवलं नाही, कोणी कोणाला खूण केली नाही. काका म्हणाले, "परवानगी होती साहेब, पण कोणी आलंच नाई." शेजारचा म्हणाला, "आमाले काई माईत नाई." तिसरा म्हणाला, "रात्री बार ऐकू आला नाई बाप्पा." वनरक्षकानं ते लिहून घेतलं, पंच म्हणून सह्या घेतल्या. एकानं गुपचूप सायकल काढली आणि मामांना वाटेतच परत फिरवायला सडकेनं निघाला.

मामा सडकेनं आलेच नाहीत. ते नाल्यानाल्यानं रक्ताचा माग काढत कालव्याच्या वाटेनं आले. रायफल खांद्याला, धोतरावर गोखरू चिकटलेले. देवळासमोर गर्दी पाहून सरळ तिथेच आले. वनरक्षकानं विचारलं, "तुम्हाला यांनी बोलावलं होतं का?"

मामांनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान अगदी थोडी हलवली. नाही म्हणा.

सह्यांची शाई वाळत होती. मामांना काय झालं ते कळायला वेळ लागला नसेल. ते म्हणाले, "नाई साहेब. मी आपल्या मनानं आलो."

झालं. परवानगीनं मारलेलं डुक्कर त्या एका वाक्यात चोरीची शिकार झालं. दुपारी पोलीस मामांच्या घरी गेले. साचा, कढई, शिसं, भरलेली काडतुसं, सगळं नेलं. रायफल नेली. मामांना नेलं.

मी त्या संध्याकाळी घरी आलो. ताटात तिळाची भाकरी होती, भोगीची भाजी होती. काका खुशीत होते. "काय सांगू तुले," म्हणाले, "सारं गाव एक झालं. एकानंही तोंड उघडलं नाई." गाव एक व्हावं म्हणून मी किती पत्रकं लिहिली असतील. गाव एक झालं ते त्या सकाळी.

मी म्हटलं, "काका, परवानगी तुमची होती. तुम्ही बोलावलं असं सांगितलं असतं तर निदान शिकारीचा गुन्हा लागला नसता."

"आणि गोळीचा?"

"तो तसाही लागला. दुसरी रायफल आहे कोणाकडे इकडे?"

काकांनी घास खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेलो. जमादारांनी नीट ऐकून घेतलं, हे मी मान्य करतो. मग म्हणाले, "तू होता का तिथं?" मी म्हटलं, नव्हतो. "मग जो होता त्याले आण." मी परत आलो. काकांना म्हटलं, चला. काकांनी चपला घातल्या, अंगणापर्यंत आले, आणि म्हणाले, "सही केली आहे ना मी. आता उलटं बोललो तर मलेच खोटा म्हणते. मलेच आत टाकते." शेजारच्याकडे गेलो. त्याची गाय व्यायला आली होती. तिसऱ्याकडे गेलो. त्याच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, ते वडनेरला गेले, सोयऱ्याकडे. त्याच्या चपला दारात होत्या.

मामांना जामीन मिळाला. अट अशी की साक्षी होईपर्यंत आमच्या तालुक्यात पाय ठेवायचा नाही, कोर्टाच्या तारखेपुरतं यायचं. मूल नाही, मामी नाहीत. कोणाच्यातरी ओळखीनं वर्ध्याजवळ पिपरी मेघेत वरच्या मजल्यावर एक खोली मिळाली. तिथे ते राहतात.

मी जमेल तसा जातो. खाली नवी घरं बांधणं चालू आहे, सगळीकडे रेतीचे ढीग. मामा सकाळी खाली उतरून त्या रेतीजवळ बसलेले असतात. एकदा मला रेतीतले ठसे बोटानं दाखवत म्हणाले, "हे कुत्रं रात्री लंगडत आलं. मागचा डावा पाय टेकवत नाई. हे मांजर त्याच्या आधी गेलं." जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याचं काही हरवलं आहे. शेजारणीनं मला जिन्यात विचारलं, "आजोबा पहिले काय करायचे?" मी म्हटलं, गाडी चालवायचे. मामांनीच तसं सांगायला सांगितलं आहे. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला टांगलेली पिशवी. खिडकीतून समोरच्या घराची पाण्याची टाकी दिसते. दिवस बुडायला आला की ते खिडकीत उभे राहतात. त्या वेळी बोललेलं त्यांना ऐकू येत नाही.

मी गेलो की आधी पिकाचं विचारतात. "हरभरा कसा हाय?" मी म्हणतो, डुकरांनी अर्धा खाल्ला, आता मारायला कोणी नाही. मग विचारतात, "काका नीट हाय ना? त्यायले सांगजो, माहा राग नाई." मी हे काकांना सांगतो. काका उठून गोठ्यात जातात.

मागच्या खेपेला मी भांडलो. म्हटलं, "मामा, तुम्हीच वकिलाला सांगा की काकांनी बोलावलं होतं. 'मारा' म्हटलं होतं. खरं आहे ते."

"खरं हाय."

"मग?"

"मी सांगितलं तर काका खोटे पडते. त्यायनं सांगितलं तर ते खरे होते." स्टोव्हची वात खालीवर करत ते बोलत होते. "शिशाचा गुन्हा माहा हाय. ओतलं म्या, भरलं म्या. त्याची काय सजा असंल ते देऊ दे. पण मी कोणाच्या शेतात चोरून नाई शिरलो रे. गोळी घरची होती. शिकार चोरीची नव्हती. एवढं एक कोणी म्हणावं."

एवढंच. सुटका मागितली नाही, रायफल मागितली नाही.

जेवायला थांब म्हणाले. एका माणसाचीच भांडी होती, म्हणून त्यांनी मला ताटात वाढलं आणि स्वतः पातेल्यात घेतलं. निघताना जिन्यापर्यंत आले. मी खाली उतरून वर पाहिलं तर ते कठड्याला धरून उभे होते. "येजो," म्हणाले. मग थोड्या वेळानं, मी सायकलचं कुलूप काढेपर्यंत, पुन्हा म्हणाले, "येजो बरं."

मी वकिलांना विचारून आलो आहे, म्हणून हे पत्रक लिहितो आहे. पंच साक्षीला उभे राहतील तेव्हा खरं सांगू शकतात. आधी का नाही सांगितलं, हे त्यांना विचारलं जाईल. घाम फुटेल. त्याचं उत्तर साधं आहे: मामा वाचावेत म्हणून. जे खरं आहे तेच उत्तर आहे, पाठ करायची गरज नाही. आणि पंचांखेरीज तुम्ही सगळे आहात. मामा ज्यांच्या ज्यांच्या शेतात उभे राहिले, ज्यांना विचारल्याशिवाय त्यांनी गोळी झाडली नाही, ते तुम्ही. हा माणूस न बोलावता कधीच आला नाही, हे सांगायला तुमच्याइतका लायक कोणी नाही.

तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. आपण बोललो नाही म्हणजे आपण काही वाईट केलं नाही, असं तुम्ही स्वतःला सांगता. तुम्ही वाईट केलं आहे. गप्प राहून केलं आहे. चांगल्या मनानं केलं म्हणून ते कमी होत नाही. एक म्हातारा माणूस अनोळखी वस्तीत कुत्र्याचे माग पाहत बसला आहे, तो तुमच्या चांगल्या मनामुळे.

पुढची तारीख होळी झाल्यावर आहे, तालुक्याच्या कोर्टात. एस.टी. सकाळची आहे. त्या दिवशी शेतावर जाऊ नका, सोयऱ्याकडे जाऊ नका, गाय कोणाच्या तरी हवाली करा. या. मामांच्या वकिलांना भेटा, स्वतःचं नाव सांगा, स्वतःचं शेत सांगा, आणि सांगा की आम्ही बोलावलं होतं.

काका, हे मी आपल्याच ओसरीवर बसून लिहिलं आहे आणि तुम्ही आतून पाहत होता. पहिले तुम्ही उठा.